स्वस्त घराचा खरा हिशेब

इंदुरात भाड्याचं घर शोधायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो एकच: किराया किती? डोक्यावर कर्ज असेल तर दुसरा प्रश्न विचारायची उसंतही नसते. बँकेचा हप्ता, गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्डाची बाकी, मुलांची फी हे सगळं वजा जाता जे उरेल त्यात बसणारं घर हवं असतं, आणि ते बहुधा गावाबाहेरच मिळतं. मग रामबागेतलं किंवा इमली बाजारातलं जुनं बिऱ्हाड हलतं आणि राऊकडे, नाहीतर सुपर कॉरिडॉरच्या पलीकडे जाऊन पडतं. भाड्यात दोन-अडीच हजार वाचले म्हणून घरात सगळे खूश. सहा महिन्यांनी बघावं तर कार्डावरची बाकी चढलेली.

असं होतं कारण घरमालकाच्या हातावर ठेवतो ती रक्कम म्हणजे घराचा खर्च, असा आपला समज असतो. ते घर महिनाभर चालवायला किती लागतात, हा हिशेब कोणी मांडत नाही.

राजवाड्याच्या आसपास पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना तर या हिशेबाची सवयच नसते. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना बऱ्यापैकी संरक्षण दिलं, आणि कित्येकांची वाड्यातली भाडी वर्षानुवर्षं जागची हलली नाहीत. शाळा, भाजी, सराफा, दवाखाना सगळं पायी. पण वाडे थकले. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक घरांना नोटिसा देते. काही वाडे रस्तारुंदीत गेले, काही वारसांनी विकले. अशा घरातून पन्नाशीत बाहेर पडणाऱ्याला बाजारभावाचं भाडं पहिल्यांदाच भेटतं, आणि नेमकं तेव्हाच मुलीच्या लग्नाचं किंवा आईच्या आजारपणाचं कर्जही चालू असतं.

आकडे घेऊन बघू. समजा, एका घरात महिन्याला ३८,००० रुपये येतात. नवरा सांवेर रोडच्या कारखान्यात आहे, बायको घरून डबे देते. गाडीचा हप्ता ३,२०० आणि वैयक्तिक कर्जाचा ५,३००. शिवाय कार्डावर ४०,००० थकलेले. समोर दोन घरं आहेत. राऊच्या पुढे दोन खोल्या ७,००० रुपयांना, आणि लोकमान्य नगरात तेवढ्याच खोल्या ९,५०० ला. कागदावर पहिलं घर अडीच हजारांनी स्वस्त.

आता रोजचं जाणंयेणं. राऊहून कारखाना एका बाजूला १० किलोमीटर जास्त लांब पडला, तर महिन्याच्या २६ दिवसांत ५२० किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर देणारी गाडी आणि १०६ रुपयांचं पेट्रोल धरलं तर १,२०० रुपये तिथेच गेले. मुलगा आतापर्यंत शाळेत चालत जायचा, आता व्हॅन लावावी लागेल, तिचे १,५०० धरा. राहिलं लाइटबिल. इंदुरात घर बदलताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याच्याकडे, म्हणून जरा खोलात जाऊ.

मध्य प्रदेशात अटल गृहज्योती योजना आहे. महिन्याला १५० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये पडतात, वरच्या युनिटांना नेहमीचा दर लागतो. १५० ची मर्यादा ओलांडली की पूर्ण बिल नेहमीच्या दराने येतं. ही सवलत मिळते ती वीज कंपनीच्या मीटरला. आता असं समजा की घरमालकाने तीन भाडेकरू एकाच मीटरवर ठेवलेत आणि प्रत्येकाला आपला सबमीटर लावून दिलाय. तिघांचा मिळून वापर १५० च्या कितीतरी पुढे जातो, सवलत उडते, आणि मालक सरसकट युनिटला नऊ रुपये लावतो. तुम्ही जपून १०० युनिटं जाळता, स्वतंत्र मीटर असता तर १०० रुपये भरले असते, इथे ९०० भरता. वर्षाला ९,६०० रुपयांचा फरक. तरी भाडं ठरवताना २०० रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारे लोक मीटरबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

बेरीज करा. राऊचं घर: ७,००० भाडं, १,२०० पेट्रोल, १,५०० व्हॅन, ९०० लाइट, मिळून १०,६००. लोकमान्य नगरातल्या घराला स्वतंत्र मीटर असेल तर ९,५०० आणि १००, म्हणजे ९,६००. स्वस्त घर दरमहा हजार रुपयांनी महाग पडलं. हे आकडे माझ्या नमुन्याच्या कुटुंबाचे. तुमचं काम पीथमपूरला असेल तर राऊच स्वस्त पडेल. उत्तर घरागणिक बदलणार, पण बेरीज केल्याशिवाय ते कळणार नाही.

पाण्याचंही विचारून घ्यावं. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी शहराच्या बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतं, आणि बाहेरच्या नव्या वसाहतींमध्ये सगळा भार बोरिंगवर असतो. एप्रिल-मेमध्ये बोरिंग आटलं की टँकर मागवावा लागतो आणि त्याचे पैसे भाडेकरूंत वाटले जातात. घर हिवाळ्यात बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. शेजारच्या बाईंना विचारावं, मालकाला विचारून उपयोग नाही.

घर ठरलं की येतो तो बिऱ्हाड हलवण्याचा महिना. कर्जबाजारी कुटुंबाचा खरा घात होतो तो याच महिन्यात. लोकमान्य नगरच्या घराचंच बघा. डिपॉझिट एका महिन्याचं ९,५००, आगाऊ भाडं ९,५००, दलालाला अर्ध्या महिन्याचे ४,७५०, लोडिंग रिक्षाच्या दोन खेपा आणि हमाल मिळून ४,०००. वर पंखे लावणं, नळाच्या तोट्या, पडद्यांचे रॉड, गॅसची नळी असल्या फुटकळ कामांचे ३,०००. एकूण ३०,७५०. जुन्या घराचं डिपॉझिट परत मिळेल, पण ते घर सोडल्यावर, आणि रंगाचे पैसे कापून. यात आणखी एक देणं लपलेलं असतं: कोपऱ्यावरच्या दुकानातली उधारी. जुन्या मोहल्ल्यात किराणावाल्याकडे वही असते, दूधवाला महिन्याने घेतो, इस्त्रीवाला कधीही घेतो. घर सोडताना ही सगळी खाती एकदम मिटवावी लागतात, आणि नव्या कॉलनीत पहिले दोन-तीन महिने कोणी उधार देत नाही. म्हणजे किराणा मागच्या महिन्याचाही द्यायचा आणि या महिन्याचाही रोखीने आणायचा. मराठी घरांत या उधारीला कोणी कर्ज म्हणत नाही, म्हणून ती कुठल्याच हिशेबात सापडत नाही.

३८,००० मिळकतीच्या घरात ८,५०० हप्त्यांचे गेल्यावर हे ३०-३५ हजार कुठून येणार? बहुतेक ठिकाणी ते कार्डावरून किंवा मोबाइलवरच्या कर्ज देणाऱ्या ॲपमधून येतात. मग पुढची दोन वर्षं ते घर बदलण्याचे हप्ते फेडत बसायचं.

या गावात पैशाच्या वेगळ्या पेटीची एक जुनी आणि चांगली वहिवाट आहे. होळकरांच्या कारभारात खासगी आणि दौलत अशी दोन खाती होती. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर करून दिली. तिचं उत्पन्न राज्याच्या खजिन्यापासून वेगळं राहिलं आणि पुढे ते अहिल्याबाईंकडे आलं. काशीपासून रामेश्वरापर्यंतचे घाट, देवळं, विहिरी, धर्मशाळा या कामांचा खर्च अहिल्याबाईंनी खासगीतून केला. फौजेचा आणि कारभाराचा पैसा दौलतीचा, दानधर्माचा खासगीचा. थोरपण बाजूला ठेवून नुसता हिशेबनीस म्हणून विचार केला तरी या व्यवस्थेचा फायदा दिसतो: एका कामाचा खर्च हाताबाहेर जायला लागला, तर तो दुसऱ्या कामाच्या पैशात गुपचूप शिरू शकत नाही.

बिऱ्हाड हलवण्याचं खातं असंच वेगळं काढावं, आणि चार-पाच महिने आधी. मध्य प्रदेशात शाळांचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मे महिना सुट्टीचा असतो, त्यामुळे शाळेतली मुलं असलेलं घर बहुधा उन्हाळ्यातच हलतं. तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरपासून दुसऱ्या एखाद्या बचत खात्यात, ज्याचं यूपीआय मोबाइलवर जोडलेलं नाही अशा खात्यात, थोडे थोडे पैसे टाकत जावे. दिवाळीचा बोनस आला असेल तर तोही तिथेच. घर सोडण्याआधी रद्दी, जुना कूलर, वापरात नसलेलं कपाट विकून टाकावं. एक खेप कमी होते आणि त्याचे पैसेही याच खात्यात पडतात. भंवरकुआंच्या आसपास घर बघणाऱ्याने जूनच्या आधी बघावं, कारण पुढे कोचिंगच्या विद्यार्थ्यांची झुंबड उडते आणि मालक पैसा सोडत नाही. दलालाशिवायही घरं मिळतात. संध्याकाळी गल्लीतून पायी फिरून ‘किराये से देना है’च्या पाट्या बघायच्या, ओळखीच्या मराठी मंडळींत शब्द टाकायचा. यात दोन रविवार गेले तरी ४,७५० रुपये वाचतात.

खात्यात येणारे पैसे धरताना एक पथ्य पाळा. हातात न आलेला पैसा धरू नका. हे सांगायला इंदूरला लांब जायला नको. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची थकलेली देणी आज मिळतील, उद्या मिळतील म्हणत कोर्टकचेऱ्यांत ३२ वर्षं गेली. २२४ कोटी रुपयांचा धनादेश परिसमापकाच्या हाती पडला तो २५ डिसेंबर २०२३ ला. सुमारे ४,८०० कामगारांचा हा पैसा होता आणि त्यांतले बरेचसे तोवर हयात नव्हते. हक्काचा पैसासुद्धा इतका उशीर करू शकतो. मग भावाने देऊ म्हटलेले २०,००० किंवा साहेबांनी कबूल केलेली पगारवाढ कुठे धरायची? आली की धरा.

आता कर्जाकडे. सगळी कर्जं सारखी महाग नसतात, पण आपण त्यांना त्यांच्या व्याजावरून नव्हे तर मागणाऱ्याच्या आवाजावरून क्रम लावतो. जो दारात येऊन ओरडतो त्याला आधी. कार्डाची कंपनी गोड बोलते, ‘मिनिमम ड्यू’ भरा म्हणते, म्हणून ती मागे पडते. आपल्या नमुन्याच्या घरातली ४०,००० ची बाकी घ्या. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,४००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी २५२. समजा या घराने पाच टक्के, म्हणजे २,००० भरले. त्यातले १,६५२ व्याज आणि करात गेले आणि मुद्दल फिटलं ३४८ रुपये. वरून त्याच कार्डावर किराणा घेतला तर तेही नाही, कारण जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

त्याहून फसवी असते ती डायरी. बाजारातले छोटे दुकानदार आणि हातगाडीवाले हिला चांगले ओळखतात. दहा हजारांचं कर्ज म्हणायचं, हातात ९,००० द्यायचे आणि रोज १०० रुपये, १०० दिवस वसूल करायचे. घेणाऱ्याला वाटतं, हजारच तर गेले, दहा टक्के. पण पूर्ण ९,००० त्याच्याकडे शंभर दिवस राहिलेच नाहीत. पहिल्या दिवसापासून ते परत जायला लागले, म्हणजे सरासरी साधारण निम्मीच रक्कम त्याने वापरली, आणि तीही जेमतेम सव्वातीन महिने. त्या हिशेबाने वर्षाचा दर ७५ टक्क्यांच्या पुढे जातो. हे धंदे करणाऱ्या बऱ्याच जणांकडे सावकारीचा परवाना नसतो, तेव्हा कागदही नसतो आणि दादही नसते. याच इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० च्या सुमारास खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने. दर किती, मुदत किती, हे दोन्ही बाजूंना पहिल्या दिवशी माहीत होतं. आजच्या कर्जदारालाही तो हक्क आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर सगळे खर्च धरून वार्षिक दर सांगणारं एक पत्रक द्यायचं आहे. ते मागा, आणि सहीच्या आधी मागा.

घरात सोनं पडून असेल आणि कार्डावर वर्षाला ४२ टक्के भरत असाल, तर माझ्या मते ते सोनं मिरवण्यात काही अर्थ नाही. बँकेत सोनं गहाण ठेवून १२ टक्क्यांनी ४०,००० घेतले तर महिन्याचं व्याज ४०० होतं. आधी करासह १,६५२ जात होते. आयुर्विम्याच्या जुन्या पॉलिसीवर किंवा मुदत ठेवीवर मिळणारं कर्जही असंच स्वस्त पडतं. मात्र दोन अटी. सोनं बायकोचं असेल तर निर्णय तिचा, तिच्या सहीने आणि मनाने. आणि कार्ड त्याच दिवशी बंद करायचं, नाहीतर वर्षभराने सोनंही गहाण आणि कार्डही भरलेलं अशी गत होते. सराफ्यात दिवसभर सोन्याची दुकानं चालतात आणि रात्री गराडू-जिलेबीची. दिवसा गहाण ठेवून रात्री त्याच रस्त्यावर खायला जाणारेही या गावाने पाहिलेत.

फेडायला कुठलं आधी घ्यायचं? गणित सांगतं, सगळ्यात चढ्या व्याजाचं. कार्ड किंवा डायरी आधी, गाडीचं शेवटी. काही लोकांना सगळ्यात लहान कर्ज संपवून एक हप्ता कमी झाल्याचा धीर हवा असतो. फरक थोडा असेल तर तसंही करा. पण बिऱ्हाड हलवण्याच्या महिन्यात मात्र जादा काहीच फेडायला जाऊ नका. त्या महिन्यात सगळे हप्ते ठरल्या तारखेला जातील एवढंच बघा. खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता परत गेला तर दंड दोन्हीकडून बसतो, तुमची बँकही लावते आणि कर्ज देणारी कंपनीही. शिवाय स्वयंचलित हप्ता परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. डिपॉझिट देण्याची तारीख आणि हप्त्याची तारीख एकाच आठवड्यात येत असेल तर मालकाला चार दिवस पुढची तारीख मागा. तो बहुधा देतो.

आणि हप्ता झेपणारच नाही असं दिसत असेल तर फोन बंद करून बसण्यापेक्षा आधी लेखी अर्ज करा, मुदत वाढवून मागा. ‘सेटलमेंट’ची घाई नको. त्यात थोडी रक्कम सुटते, पण पतअहवालात कर्ज फेडलं असं न येता तडजोड झाली असं येतं आणि पुढचं कर्ज अडतं. हा अहवाल चारही पतमापन संस्थांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. घर बदलल्यावर कर्ज देणाऱ्यांना नवा पत्ता कळवायलाच हवा. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस आपल्याला मिळाली नाही, ही सबब कोर्टात फारशी टिकत नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मोडला तर आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीचा फोन १४४४८.

कागदांचं थोडक्यात. भाडेकरार ११ महिन्यांचा करतात, कारण वर्षाच्या पुढच्या कराराची १९०८ च्या कायद्याने नोंदणी करावी लागते. तो साधा असला तरी लेखी हवा, आणि डिपॉझिट किती, कधी परत, रंगाचे पैसे कोणाचे, विजेचा दर काय हे त्यात लिहिलेलं हवं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाने द्यायची असते, ती दिल्याची पोच आपल्याकडे ठेवावी. घरात कोणाला लाडली बहनाचे पैसे किंवा सरकारी धान्य मिळत असेल तर समग्र आयडीत नवा वॉर्ड नोंदवून घ्यावा. या रकमा लहान दिसतात, पण तंगीच्या महिन्यात त्या थांबल्या तर तेवढीच उधारी वाढते.

नव्या घरात गेल्यावर पहिल्या महिन्याचा किराणा सियागंजातून एकदम भरावा, गहू-तांदूळ छावणीतून. कॉलनीतल्या दुकानात वही उघडायचा मोह तीन महिने टाळता आला तर बहुतेक वेळा ती पुढेही उघडत नाही. आणि बयाना देण्याआधी मालकाकडे त्या घराचं मागच्या महिन्याचं लाइटबिल मागा. ते दाखवायला तो कां-कूं करत असेल तर दुसरं घर बघा.